दोन टिंबं आणि महामायाचा निवास परवाना

आमची महामाया तुरीवर पडणाऱ्या मर रोगाची शास्त्रज्ञ आहे. लातूरच्या एका प्रयोगशाळेत पाच वर्षं ती तुरीच्या मुळांतली बुरशी काचेच्या बशांमध्ये वाढवत होती. ज्या बुरशीचा नायनाट व्हावा म्हणून शेतकरी फवारे मारतात ती बुरशी आमची मुलगी खाऊपिऊ घालून मोठी करते, हे मी नातेवाइकांना कधी नीट समजावून सांगू शकलो नाही. तर या कामावर खूश होऊन युरोपातल्या एका संशोधन संस्थेनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं. देशाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या कार्यालयानं आमच्याशी फार सभ्यपणानं पत्रव्यवहार केला आणि त्यांना या प्रकरणात आणखी ओढावं असं मला वाटत नाही.

आमच्या नांदेडच्या कॉलनीत मात्र तो देश जर्मनी आहे. शेजारचे शेषेराव वीज मंडळातून निवृत्त झालेत. त्यांनी पहिल्याच दिवशी जर्मनी ठरवला आणि पुढं मी नकाशा दाखवूनही तो हलला नाही.

"तिथं तूर होते का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मंग रोग कशावर पडून राहिलाय?"

हा प्रश्न मी महामायाला फोनवर विचारला. ती म्हणाली, बुरशीचा अभ्यास करायला शेत लागत नाही, यंत्र लागतं, आणि ते यंत्र तिकडं आहे. शेषेरावांना ते पटलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की मग यंत्रच इकडं का आणत नाहीत.

तिकडं राहायचं तर 'वैज्ञानिक संशोधक' म्हणून निवास परवाना काढावा लागतो. संस्थेचा करार, पदव्या, विमा, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि जन्माचं प्रमाणपत्र, असे कागद लागणार होते. शेवटच्या कागदाचं नाव ऐकताच मी म्हणालो, "ते माझ्यावर सोड."

असं म्हणण्याचा मला अधिकार होता. एकतीस वर्षं मी ग्रामसेवक होतो. माझ्या हातानं किती जन्म झाले, म्हणजे कागदावर, याची गणती नाही. मी दाखले मागणारा नव्हतो, देणारा होतो. लोक मला भाऊसाहेब म्हणत आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले की आपोआप टोपी नीट करत. महामायाचा जन्म नायगाव तालुक्यातल्या पांगरवाडीचा, माझ्याच कार्यक्षेत्रातला, आणि तिच्या जन्माची नोंदही माझ्याच अक्षरातली. स्वतःच्या मुलीची नोंद स्वतः करण्याचं भाग्य किती बापांना मिळतं, असं मी त्या संध्याकाळी सिंधुला म्हणालो. सिंधु म्हणजे माझी पत्नी. ती भाकरी थापत होती. "हाव," ती म्हणाली.

पांगरवाडीत आता सृष्टी नावाच्या तरुण ग्रामसेवक बाई आहेत. मी फोन केला, त्यांनी जुन्या रजिस्टरावरून संगणकावर प्रमाणपत्र काढून पाठवलं. लातूरच्या भाषांतरकारानं त्याचं इंग्रजी केलं, महामायानं ते अर्जाला जोडलं. घरात तिघांना लिहितावाचता येत असून ते प्रमाणपत्र आमच्यापैकी कोणीही वाचलं नाही. आपलंच आहे, त्यात वाचायचं काय.

बाराव्या दिवशी तिकडून पत्र आलं. महामायानं लातूरहून फोन केला आणि ते शांतपणे मराठीत वाचून दाखवलं. पारपत्रानुसार अर्जदार स्त्री आहे आणि आईचं नाव सिंधु आहे. जन्म प्रमाणपत्रानुसार अर्जदार पुरुष आहे आणि आईचं नाव भामाबाई आहे. अर्जदारानं लिंगबदल केला असल्यास कार्यालय त्याचा पूर्ण आदर करतं. सोबतचा दोन पानी फॉर्म भरावा. अर्जदार दत्तक असल्यास वेगळा फॉर्म आहे. दोन्ही असल्यास दोन्ही भरावेत. यापैकी काही नसल्यास तीस दिवसांत दुरुस्त प्रमाणपत्र द्यावं, अन्यथा अर्ज बंद होईल.

"पप्पा," महामाया म्हणाली, "बापाच्या चुकीचा फॉर्म मी शोधला. तो नाहीये त्यांच्याकडं."

चूक कशी झाली ते मला एका क्षणात कळलं आणि ते सांगण्यापूर्वी थोडं रजिस्टरांविषयी बोलायला हवं. रजिस्टर आडवं असतं, रकाने पंधरा-वीस असतात. एकाच गावातल्या नोंदी करताना गाव, जात, तालुका पुन्हा पुन्हा लिहायचं म्हणजे हाताचे तुकडे पडतात. म्हणून आम्ही वरच्या ओळीखाली दोन टिंबं द्यायचो. दोन टिंबं म्हणजे वरीलप्रमाणे. सरकारी लिखाणात याच्याइतका सोयीचा शोध दुसरा लागलेला नाही. महामाया जन्मली त्याच दिवशी, त्याच आरोग्य उपकेंद्रात, शेजारच्या खाटेवर भामाबाईला मुलगा झाला होता. त्याची नोंद वर, हिची खाली. मी टिंबं देत गेलो. गाव वरीलप्रमाणे, तालुका वरीलप्रमाणे, लिंग वरीलप्रमाणे, आईचं नाव वरीलप्रमाणे. वडिलांचं नाव तेवढं मी पूर्ण लिहिलं होतं. आनंदराज नरवाडे. सुवाच्य.

थोडक्यात, शासनाच्या नोंदीत आनंदराज नरवाडे आणि भामाबाई यांना एक मुलगा होता.

हे सिंधुला सांगणं भाग होतं, कारण आईचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. भामाबाईच्या नावाला ती हसली. मग थोडा वेळ गेला आणि तिचं हसणं गेलं.

"आन पोरगा कामून लिवलं?"

"लिहिलं नाही. टिंबं दिली."

"तेच म्हनते. टिंबं देतानी तुमाला पोरगी झाली हे ध्यानात नव्हतं का?"

मी म्हणालो, होतं. ती म्हणाली, मग दिली कशी. मी म्हणालो, नव्हतं. ती म्हणाली, मग बाप कसले. या दोन उत्तरांच्या मध्ये तिसरं उत्तर नव्हतं.

"तुमाला पोरगाच पायजे होता," सिंधु म्हणाली. "म्हनून हात तसा वळला. तुमच्या मायनं तवा तोंड वाकडं केलं ते मी पायलं. तुमचं वाकडं झालं न्हाई म्हनून मी तीस वर्सं तुमाला चांगलं समजून राहिले."

त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं. चहा मिळत होता, पण टेबलावर ठेवल्याचा आवाज जरा मोठा यायचा.

शेषेराव सल्ला द्यायला आले. त्यांचं म्हणणं होतं, रजिस्टर दुरुस्त करण्यापेक्षा पारपत्र बदलणं सोपं. "नाव तेच राहू द्या. फक्त माय बदला."

स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं. शेषेराव चहा न घेता गेले.

मी पांगरवाडीला गेलो. ज्या कार्यालयात मी अकरा वर्षं बसलो त्याच कार्यालयात, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला. सृष्टीबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मला सर म्हणाल्या आणि नियमाचं पुस्तक उघडलं.

"दुरुस्ती होते, सर. तुमचा जबाब लागेल, आईंचं प्रतिज्ञापत्र लागेल आणि घटनेची माहिती असलेल्या दोन विश्वसनीय व्यक्तींचं निवेदन."

"एक तर मी आहेच," मी म्हणालो. "बाप आहे आणि नोंद करणाराही मीच."

"म्हणूनच, सर. चूक तुमची आहे. विश्वसनीय दुसरे लागतील."

हे त्या अतिशय आदरानं म्हणाल्या. मी पाणी प्यालो.

घटनेची माहिती असलेल्या व्यक्ती जगात दोनच होत्या. एक शेजारच्या खाटेवरची भामाबाई आणि दुसऱ्या दोन्ही बाळंतपणं करणाऱ्या नर्स सरजाबाई, ज्या निवृत्तीनंतर चाकूरला राहतात.

भामाबाईचं घर पंचायतीपासून शंभर पावलांवर. मी गेलो तर ती रानात खुरपायला गेलेली. दुसऱ्या दिवशी नांदेडहून पुन्हा गेलो तर लेकीकडं हदगावला. चार दिवसांनी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं एकेक पाकळी बाजूला ठेवत ऐकलं.

"म्हंजे तीस वर्सं तुमची पोर माझी होती."

"कागदावर."

"आन माझी असून मला एक लुगडं आनलं न्हाई तिनं."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "वळखपत्र आनलंय का?"

"माझं? तू मला ओळखत नाहीस का, भामाबाई?"

"मी वळखते, भाऊसाहेब. पन कागदाचं काम हाय. घराच्या उताऱ्यासाठी मी तुमच्याकडं तीन बारी आले. तिसऱ्या बारी तुमी म्हनले, भामाबाई, मी तुला वळखतो, पन कागद तुला वळखत न्हाई. ध्यानात हाय का?"

ध्यानात नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, हे मला लगेच ओळखू आलं. ते मी पुष्कळांना म्हणत असे आणि म्हणून झाल्यावर मला ते जरा आवडतही असे. मी आधार कार्ड काढून दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, फोटोवर बोट ठेवलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बरं, येते. तारीख सांगा. पन सध्या रोज रोजंदारीच्या बाया हायेत माझ्या रानात, संध्याकाळून येईन."

बारा दिवस संपले होते.

चाकूरला जाताना महामाया लातूरहून आली आणि मी नांदेडहून. मुलीला समोर उभं केलं की विषय मिटेल, असा माझा हिशेब होता. सरजाबाईंचं वय ब्याऐंशी. पांढरं पातळ, चष्म्याला दोरी, अंगणात तुळशीशेजारी तुरीची दोन झाडं. मी प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते अर्धा तास वाचलं असेल.

"ह्यात तर पोरगा हाय," त्या म्हणाल्या.

"तीच चूक आहे, सिस्टर. ही बघा ना, समोर आहे."

त्यांनी चष्म्याच्या वरून महामायाकडं पाहिलं. "पोरगी हाय, ते मला दिसून राहिलंय. पन सरकारी कागदाच्या विरोधात मी सही करनार न्हाई. माझी पेन्शन हाय."

मी समजावलं, नियम सांगितला, पेन्शनचा आणि जन्माचा विभाग वेगळा असतो हे सांगितलं. सरजाबाई म्हणाल्या, सरकार एकच असतं. एकतीस वर्षं माझंही तेच मत होतं. मी थकून बाजेवर बसलो. महामाया उठून तुरीच्या झाडांकडं गेली. एक झाड वाळायला लागलं होतं. तिनं खोडाजवळची साल नखानं खरवडली आणि आतली काळी रेघ सरजाबाईंना दाखवली.

"आजी, ह्याला पाणी घालू नका आता. रोग मुळात आहे. उपटून लांब टाका, नाहीतर शेजारचं पण जाईल."

"म्या तर रोज दोन तांबे घालते."

"तुमची काही चूक नाही. वरून दिसत नाही ते."

सरजाबाईंनी तिच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. "कवाची तू?"

महामायानं तारीख सांगितली. म्हातारी आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून रेघी वह्यांची चळत घेऊन आली. प्रत्येक बाळंतपण त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. पान सापडलं. भामाबाई, पोरगा, तीन किलो. सिंधु आनंदराज, पोरगी, दोन किलो तीनशे, रडली नाही, उलटी धरली, मग रडली.

"तू व्हय ती," सरजाबाई म्हणाल्या. "माझा जीव गेला होता अर्धा." मग त्या माझ्याकडं वळल्या. "पंचायतीत धाडलेली माझी चिठ्ठी बरूबर होती, भाऊसाहेब. चूक तुमची हाय."

"हो."

"मंग हे आदी कामून न्हाई सांगितलं? माझ्या नावावर कशाला येऊ देऊ? द्या तो कागद इकडं."

सही करून त्यांनी महामायाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला चहा विचारायचा राहिला.

ठरलेल्या दिवशी, तीसपैकी एकविसाव्या, आम्ही पांगरवाडीला जमलो. सिंधु माझ्याबरोबर एसटीनं आली, पण पुढच्या सीटवर बसून. सरजाबाईंचं निवेदन माझ्या पिशवीत होतं. भामाबाई संध्याकाळी रानातून तशीच आली, हातपाय धुऊन. सिंधु आणि ती कितीतरी वर्षांनी भेटत होत्या. "ये गं सवत," भामाबाई म्हणाली. सिंधुला हसू आलं, पण माझ्याकडं पाहून तिनं ते थांबवलं.

राहिला माझा जबाब. मी घरून टाइप करून आणला होता. "सदर नोंद करताना लेखनप्रमाद घडला असावा असे दिसून येते."

सृष्टीबाईंनी वाचलं. "'असावा' चालत नाही, सर. आणि कोणाकडून घडला ते आलं नाही."

मी पेन घेऊन दुरुस्त केलं. लेखनप्रमाद घडला, कार्यालयाकडून.

"कार्यालयात कोण होतं?"

"मी."

"मग तसं लिहा. आणि खाली कारण."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही चूक लेखी कबूल केली नव्हती. चौकशी आली, लेखापरीक्षण आलं, एकदा तर पूर आला आणि दप्तर वाहून गेलं, तेव्हाही मी 'नैसर्गिक कारणास्तव' एवढंच लिहिलं. आता मी लिहिलं, "मी, आनंदराज नरवाडे, माझ्या हातून ही चूक झाली." कारणाच्या जागी मात्र पेन थांबलं. 'मुलगी झाल्याच्या आनंदात' असं लिहावं, असं मला क्षणभर वाटलं. ते वाचून सिंधु बोलायला लागली असती.

"खरं लिवा," सिंधु खिडकीकडं पाहत म्हणाली. तीन आठवड्यांतलं माझ्याशी पहिलं वाक्य.

खरं काय होतं तेच मला आठवत नव्हतं. हे मी तसंच सांगितलं. तीस वर्षांपूर्वीची एक दुपार, एक रजिस्टर, एक निळं पेन. मुलगा पाहिजे होता का? आई म्हणत होती हे खरं. मी काही म्हणालो नव्हतो. पण न बोलता माणसाच्या मनात काय असतं हे मी आज शपथेवर कसं सांगू. भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

सृष्टीबाई तोवर रजिस्टराचं ते पान पाहत होत्या. त्यांनी आणखी खालची ओळ पाहिली. मग पुढचं पान उलटलं. मग मागचं.

"सर, ही लक्ष्मण नावाची मुलगी कोण आहे?"

मी वाकून पाहिलं. लक्ष्मण, लिंग दोन टिंबं, आणि वरची ओळ मुलीची.

"ही सुकन्या, लिंग पुरुष. हिची आई पण वरीलप्रमाणे. आणि हे बघा, या आजोबांचा जन्म... नाही, हे आजोबा नाहीत, बाळच आहे, जन्मसालाच्या रकान्यात बापाचं साल आलंय." त्या बोट फिरवत गेल्या. "एका महिन्यातल्या नोंदी सगळ्या एकाच शाईत आहेत, सर. एका बैठकीत भरलेल्या."

आणि तेव्हा मला आठवलं. गटविकास अधिकारी दुसऱ्या दिवशी दप्तर तपासायला येणार होते. महिनाभराच्या चिठ्ठ्या खिळ्याला अडकवलेल्या होत्या. मी त्या एका दुपारी खालमानेनं उतरवून काढल्या, कोण कुणाचं हे न पाहता, स्वतःचं नाव आल्यावर तेवढं नीट लिहून.

सृष्टीबाईंनी मोजलं. आमची धरून बारा चुका होत्या.

सिंधु खिडकीपासून उठली आणि टेबलाजवळ आली. चष्मा लावून तिनं रजिस्टर वाचलं, एक ओळ, दुसरी ओळ, पान उलटून आणखी एक. ज्या खुर्चीवर लोकांनी मला भाऊसाहेब म्हटलं तिच्यासमोर माझी अख्खी नोकरी उघडी पडली होती आणि ती पाहायला माझी बायको, भामाबाई आणि माझ्या जागेवर आलेल्या सृष्टीबाई हजर होत्या.

"म्हंजे तुमी सगळ्यांचंच चुकवून ठिवलंय," सिंधु म्हणाली.

"हो."

"पोरांचं पन, पोरींचं पन."

"हो."

तिनं रजिस्टर मिटलं. बाजूची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि तीन आठवड्यांनी प्रथमच तिचा चेहरा सैल झाला. "लिवा मग," ती म्हणाली. "निष्काळजीपना. त्यात लाजायचं काय."

मी लिहिलं. 'निष्काळजीपणा'. सुवाच्य.

दुरुस्त प्रमाणपत्र त्याच आठवड्यात निघालं. त्यावर परदेशात कागद चालायला लागणारा मुंबईचा शिक्का घेऊन आणि भाषांतर पुन्हा करून ते अठ्ठाविसाव्या दिवशी तिकडं पोचलं. तिकडच्या कार्यालयातल्या बाईंनी आभार मानले आणि या काळात अर्जदाराच्या कुटुंबाला काही त्रास झाला असल्यास दिलगिरी व्यक्त केली. जुलैअखेर परवाना मंजूर झाला. व्यवसाय, वैज्ञानिक संशोधक. लिंग, स्त्री. सिंधुनं ते दोन वेळा वाचून घेतलं. शेषेरावांनी कॉलनीत पेढे वाटले आणि महामाया जर्मनीला गेली.

मी हल्ली मंगळवारी आणि शुक्रवारी पांगरवाडीला असतो. अकरा नोंदी आहेत, प्रत्येकीला दोन विश्वसनीय व्यक्ती लागतात, आणि माणसं पुणे, सुरत, हैदराबाद अशी पांगलेली. पाच झाल्या. मागच्या शुक्रवारी लक्ष्मणच्या घरी गेलो. त्याची पोलिसांत निवड झाली होती आणि कागद तपासणी आठ दिवसांवर आली होती. सहा फुटी गडी, मिशा राखलेला. त्याला मी दारात उभा राहून सांगितलं की नोंदीप्रमाणे तू स्त्री आहेस, आणि चूक माझी आहे.

त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग आत वळून म्हणाला, "माय, च्या टाक. भाऊसाहेब सोता आलेत."